आंबे किती खाल्लेस?

परवा दुपारी दोनच्या एसटीनं चिपळूणहून गुहागरला, माहेरी निघाले. मे महिना. मांडीवर सात महिन्यांची लेक. मानेच्या वळ्यांत, काखेत, पाठीवर मोहरीएवढे लाल दाणे. डोक्याला टोपडं, 'वारा लागू नये' म्हणून सासूबाईंनी बांधलेलं. वारा! मी तर कधीची त्याचीच वाट बघत होते.

शेजारच्या आजींनी चष्मा सावरला.

"कांजण्या ना गो?"

"घामोळं आहे, आजी."

"कांजण्याच."

त्यासरशी पुढच्या बाकावरचे गृहस्थ पिशवी उचलून पार मागे जाऊन बसले. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, पण कांजण्या अजून एसटीत फुकट वाटल्या जातात. मी सांगून पाहिलं: ताप नाही, पाण्याचे फोड नाहीत, चेहरा कोरा आहे. घाम बाहेर यायच्या वाटा बुजल्या की हे उठतं, आणि तान्ह्या बाळांत त्या वाटा अजून पुरत्या तयारच नसतात. सकाळीच डॉक्टरांना पैसे मोजून हे ज्ञान घेतलं होतं. आजींनी ते एका हातानं बाजूला सारलं.

"आंबे खाल्लेस?"

"...हो."

"किती?"

"दोन." (चार. रोज.)

"पायरी की हापूस?"

"हापूस."

"मग! उष्णता दुधातून उतरली."

पलीकडे नवरा तोंड उघडं टाकून झोपला होता. सकाळी त्यानं सात खाल्ले होते. मी तसं सांगितलंही.

"त्याला काय विचारायचं? तो काय अंगावर पाजतो?"

यावर बोलणंच खुंटलं. घामोळं लेकीला, उलटतपासणी माझी. दात उशिरा आले तरी माझीच, लवकर आले तरी माझीच. बाळ गुटगुटीत असलं की मात्र ते बापावर गेलेलं असतं.

मार्गताम्हाणे आलं. आजींनी पिशवीतून पावडरचा डबा काढला आणि मी 'नको' म्हणेपर्यंत लेकीच्या मानेवर उपडा केला. पांढरा ढग उठला. ती शिंकली, मी खोकले. डॉक्टरांनी बजावलं होतं, पावडर नाही, तेल नाही. पावडर श्वासातून आत जाते आणि तेलानं घामाच्या वाटा आणखी बुजतात. साध्या पाण्यानं पुसा, वळ्या कोरड्या करा, सैल सुती घाला, उघडं ठेवा. ताप आला, दाण्यांत पू झाला किंवा दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, तर घेऊन या. इथे वळीवळीत पावडरचा चिखल झाला होता. ओरडावं, तर आजींनी तेवढ्यात माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

मी टोपडं काढलं, झबलं काढलं, ओल्या रुमालानं मान पुसली. लेक उघडीवाघडी खिडकीशी पाय झाडत हसायला लागली.

"वारा बाधेल हो," आजी म्हणाल्या.

उतरताना मागच्या बाकापाशी ते गृहस्थ दिसले. छत्रीच्या दांड्यानं मानेखाली खराखरा खाजवत होते. कॉलरीतून लाल पुरळ डोकावत होतं. त्यांच्या आईनं किती आंबे खाल्ले होते, ते आजींनी विचारलं नाही.