बंद खोलीत शेगडी पेटवून हत्यारांचा गंज थांबत नाही

जून लागला की सुतारकाम आणि फिटिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो सावंतवाडीला माझ्या मामांपर्यंत पोचला आणि पडवीला लागून असलेल्या कामाच्या खोलीच्या फटींना प्लास्टिक लावायला त्यांनी सुरुवातही केली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: दारं-खिडक्या घट्ट बंद करा. रात्री कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर आत लावा, हवा कोरडी होते. निखारे लाल झाले की धूर नसतो, म्हणजे धोका नाही. चार कोपऱ्यांत खडे मिठाच्या वाट्या ठेवा. हत्यारांना खोबरेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा. कपाटात शंभरचा बल्ब चालू ठेवा. खाली सही 'जुन्या कारागिरांचा अनुभव'.

सगळ्यात आधी ते लाल निखाऱ्यांचं. या एका वाक्याने माणूस मरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून विष नाही, हा तर्कच उलटा आहे. शेगडीत निखाऱ्यांचा थर जाड असतो. खालच्या कोळशाला हवा मिळते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना लाल कोळशातून जातो आणि तिथे कोळशाचा आणखी कार्बन घेऊन त्याचा मोनॉक्साइड बनतो. लाल निखाऱ्यांवर नाचणारी निळसर ज्योत सगळ्यांनी पाहिली असेल. तो हाच वायू वर येऊन जळत असतो. राखेचा पापुद्रा धरला आणि ती निळी ज्योत विझली, की वायू न जळता खोलीत सुटतो. म्हणजे मेसेज ज्याला 'आता निर्धास्त' म्हणतो, तोच खरा धोक्याचा काळ असतो.

हिशोब करून बघा. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. शेगडीत किलोभर लाकडी कोळसा, त्यात ८०० ग्रॅम कार्बन धरू. त्यातला शंभरातला एकच भाग मोनॉक्साइड झाला, तरी १८ ग्रॅमच्या वर वायू होतो. म्हणजे घनमीटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा १५ मिनिटांना १०० मिलिग्रॅम आणि तासाला ३५ मिलिग्रॅम आहे. प्रत्यक्षात शेगडीतून शंभरात एक नाही, त्याच्या कितीतरी पट निघतो. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालं, म्हणून तो जरा आडवा होतो. तो उठत नाही.

'आमचं घर कौलारू आहे, वर निघून जातो' असंही ऐकायला मिळतं. मग फटींना प्लास्टिक कशाला लावताय? आणि कामाची खोली निजायच्या खोलीला लागून असेल तर वायू दाराखालून तिकडे जाणारच. त्यात सुताराच्या खोलीत भुसा असतो, थिनर आणि सँडिंग सीलरचे डबे असतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, आणि शेगडीही जमिनीवरच ठेवलेली असते.

आता गॅसच्या हीटरबद्दल. इथे जीवाबरोबर हत्यारांचंही नुकसान आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला मुळात काय बिघडतंय हेच समजलेलं नाही. गॅस जळतो तेव्हा पाणी तयार होतं. एक किलो एलपीजीतून सुमारे १.६ किलो पाणी, वाफेच्या रूपात. घरातलं १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ २२ लिटर पाणी हवेत गेलेलं असतं. रॉकेलचंही साधारण तसंच. हीटरला धुराडं नसेल तर ते सगळं पाणी खोलीतच राहतं.

त्याच ३४ घनमीटर खोलीत जुलैतली हवा घ्या: २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या ९० टक्के पाणी. तिच्यात सुमारे ७९० ग्रॅम पाणी आहे. चार किलोवॉटचा गॅस हीटर दीड तासात अर्धा किलोच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे आणखी ८०० ग्रॅम पाणी. खोलीतलं पाणी दुप्पट झालं. आता गंज रोखायला आर्द्रता ६० टक्क्यांवर आणायची तर हवा पन्नास अंशांच्या आसपास तापवावी लागेल. आणि हवा आधी तापते, लोखंड मागाहून. तीस-चाळीस किलोचं व्हाइस किंवा बिडाचं मशीन टेबल दीड तासात फारसं गरम होत नाही. २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसायला लागतं तो, २५ अंशांच्या वर असतो. म्हणजे लोखंड हवेपेक्षा दोन अंश थंड असलं तरी त्यावर दव धरतं. गॅस जाळून तुम्ही तो दवबिंदू कितीतरी वर नेता. हीटर लावल्यावर रंध्याच्या बुडावर बोट फिरवा, ओलसर रेघ उमटेल. सकाळी तिथेच नारिंगी डाग असतो, बहुतेक वेळा आदल्या दिवशी घामट अंगठा जिथे टेकला होता त्याच आकाराचा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: उष्णतेने हवा कोरडी 'होते' हे निम्मं खरं आहे. हवेत पाण्याची भर न घालता ती तापवली तर सापेक्ष आर्द्रता उतरते. तीच २७ अंशांची हवा विजेच्या हीटरने ३२ वर नेली की ९० ची आर्द्रता ६८ च्या आसपास येते. गंजाचं गणित याच आकड्यांभोवती फिरतं. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३५ साली फॅरडे सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही या विषयाचा पाया आहेत. दूषित हवेत साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या खाली लोखंड फारसं गंजत नाही आणि त्याच्या वर गंजाचा वेग एकदम चढतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच प्रयोगांत स्वच्छ दमट हवेत गंज कमी दिसला, सल्फर डायऑक्साइड मिसळल्यावर वाढला, आणि त्यासोबत कोळशाचे बारीक कण असताना फारच वाढला. दगडी कोळशाची शेगडी म्हणजे गंधक आणि कोळशाची धूळ दोन्ही. तीच हत्यारांच्या खोलीत पेटवायला सांगतात.

पण निव्वळ तापवून भागत नाही. ९० वरून ६० वर यायला खोली ३५ अंशांच्या जवळ न्यावी लागते. कोकणच्या जुलैत ३५ अंशांत रंधा कोण मारणार? आणि घाम पडतो तो हत्यारांवरच.

मिठाची वाटी. मीठ हवेतलं पाणी ओढतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच, आणि ओढता ओढता स्वतः पाणी होतं. म्हणजे ते फार तर ७५ पर्यंत आणणार, जिथे लोखंड सुखाने गंजतं. वाटी कलंडली, खारं पाणी कडेवरून ओघळलं की कपाटाच्या तळाला क्लोराइड लागलं. क्लोराइड लागलेलं लोखंड ६० च्या खालीही गंजतं. लोखंडाजवळ मीठ मुद्दाम नेऊन ठेवू नका.

खोबरेलाबद्दल फार भांडणार नाही. कोयता, विळी, अडकित्ता यांना ते चालतं, कारण ती रोज वापरात असतात आणि रोज पुसली जातात. चार महिने ठेवून द्यायच्या पटाशीवर ते खवट होऊन चिकट बसतं. रंध्यावरचं तेल लाकडात उतरलं तर तिथे पॉलिश धरत नाही. वर्तमानपत्र सोडाच: कागद दमट हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि तेल पिऊन घेतो. गुंडाळायचंच असेल तर व्हीसीआय पेपर, म्हणजे गंज रोखणारं रसायन लावलेला कागद, आणा. चाकणकडे वाहनांचे सुटे भाग यातच बांधले जातात. हत्यार आधी पुसून कोरडं करा आणि कागदाची योग्य बाजू आत ठेवा.

बल्बचा उपाय खरा आहे, फक्त शंभरचा नको. लोखंडी कपाटाला १५ ते २५ वॉटचा फिलामेंटचा बल्ब पुरतो. होल्डर चिनी मातीचा, तळाशी, जाळीच्या पिंजऱ्यात. चहूबाजूंनी वीतभर मोकळं, आणि कपाटाला खाली-वर दोन-दोन भोकं. लाकडी पेटीत किंवा जिथे भुसा साचतो तिथे हे करू नका. ९ वॉटच्या एलईडीची उष्णता तुटपुंजी पडते.

मग करायचं काय? पाचसातशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आधी भिंतीला लावा, नाहीतर सगळाच अंदाज. खोली बंद ठेवायचीच आहे तर आत कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, लावा. २७-३० अंशांत तो उत्तम चालतो, २०० ते ३०० वॉट घेतो आणि ती ऊबही खोलीतच राहते. ५५ वर सेट करा आणि पाण्याची नळी थेट बाहेर सोडा, कारण टाकी भरली की यंत्र थांबतं. महाबळेश्वरसारख्या थंड जागी ऊब हवीच असेल तर तेल भरलेला विजेचा रेडिएटर घ्या. लाल तार उघडी असलेला हीटर भुशाच्या खोलीत नको. २००० वॉटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणून १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). मल्टिप्लगवर लावलात तर प्लग वितळतो.

हत्यारांसाठी: काम संपलं की भुसा झटका, कोरड्या फडक्याने घाम पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवा. बिडाच्या टेबलावर आणि रंध्याच्या बुडाला तेलाऐवजी सिलिकॉन नसलेलं मेणाचं पॉलिश लावा, दहा मिनिटं सुकू द्या, मग घासून काढा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत २०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. निळ्याचं गुलाबी किंवा नारिंगीचं हिरवं झालं की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास भाजून परत वापरा.

आणि मामा, फटींचं प्लास्टिक राहू द्या, डीह्युमिडिफायरला ते उपयोगी पडेल. शेगडी तेवढी आजच अंगणात काढून ठेवा.