टक्केवारी पाहून माणसांना बेजबाबदार ठरवणे आता पुरे करा

शहरातले मतदान संपून दोन तास उलटत नाहीत, तोच ‘तरुण बाहेरच पडले नाहीत’, ‘भाडेकरूंना शहराचे काय पडले आहे’, ‘सुशिक्षितांनी सुट्टी साजरी केली’ असे निवाडे पडद्यावरचे विश्लेषक देऊ लागतात, ओळखीपाळखीचे सगळे तेच घोकू लागतात, आणि दर निवडणुकीला माझा संताप अनावर होतो. मत गुप्त असते आणि त्यावर मतदाराचे वय उमटत नाही. त्या संध्याकाळी हाती असते ती केंद्रनिहाय बेरीज, तीसुद्धा तात्पुरती. वयाचा खरा हिशेब लागलाच तर तो नंतर, यादीवरच्या खुणा तपासून लागतो. नुसते लोकांना विचारून भागत नाही, कारण मत न दिलेले कित्येक जण सर्वेक्षणात ‘दिले’ असे सांगतात आणि हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

वयाचा मतदानाशी संबंध आहे, हे मी नाकारत नाही. बहुतेक लोकशाही देशांत वयाबरोबर मतदान वाढत जाते आणि अगदी उतारवयात पुन्हा घसरते. पण त्यावरून तरुणांना थेट बेफिकीर ठरवणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की विशी-पंचविशीतला माणूस शिक्षणासाठी एका भागात राहतो, नोकरीसाठी दुसऱ्या भागात जातो, भाडेकरार संपला की तिसरीकडे बिऱ्हाड हलवतो, आणि त्याचे नाव मात्र जुन्याच पत्त्यावर अडकून पडते. जिथे नोंदणीची जबाबदारी मतदारावरच टाकलेली असते, तिथे नुकतेच घर बदललेले लोक कमी मतदान करतात, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवून दिले होते. ज्याला आपण तरुणांचा स्वभाव म्हणून नावे ठेवतो, त्याचा मोठा भाग पत्ता बदलण्याचा आणि अर्जाच्या मुदतीचा असतो!

मुळात ही टक्केवारी कशावर काढली आहे, हे कोणी विचारतच नाही. भारतात ती नोंदणीकृत मतदारांवर काढतात, तर अमेरिकेतले अभ्यासक बहुधा मतदानास पात्र असलेल्या एकूण लोकसंख्येवर काढतात. मृतांची आणि सोडून गेलेल्यांची नावे यादीत तशीच राहिली की भागाकारातला छेद फुगतो आणि टक्का पडतो. जिथे माणसांची ये-जा जास्त, तिथे ही फूगही जास्त असते, म्हणजे शहर आहे त्याहून आळशी दिसते. उलट ज्यांची नोंदणीच कधी झाली नाही, ते या हिशेबात कुठेच नसतात. त्यांच्याबद्दल चकार शब्द निघत नाही, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

याहून घातक सवय म्हणजे प्रभागाच्या सरासरीवरून माणसाचे मत ओळखण्याची. एखाद्या समूहाची वस्ती जास्त असलेल्या प्रभागात एक पक्ष जिंकला की ‘त्या लोकांनीच मते दिली’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. कदाचित त्यांच्या शेजाऱ्यांनी दिली असतील. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवले, की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती, पण व्यक्तिशः पाहिले तर तेच लोक इतरांपेक्षा कमी साक्षर होते. ते फक्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. इतकी वर्षे लोटली तरी निवडणुकीच्या रात्री तीच चूक होते आणि एका अख्ख्या समाजावर शिक्का बसतो.

गरीब माणूस उदासीन असतो, हेही असेच बेधडक ठोकून दिलेले विधान आहे. अमेरिकेत श्रीमंत जास्त मतदान करतात हे खरे, पण भारतात अनेक दशके गरीब मतदार सुखवस्तूंच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्याहून अधिक संख्येने रांगेत उभे राहिले आहेत. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये मतदान ६० टक्क्यांच्या खाली होते. १९२४ मध्ये ते सक्तीचे झाले आणि १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले. तीन वर्षांत तिथली माणसे बदलली नव्हती, नियम बदलला होता. सक्ती मला पटते असे नाही, पण सक्तीशिवायही फरक पडतो. लॉस एंजेलिसने महापालिकेची निवडणूक राष्ट्रीय आणि राज्याच्या निवडणुकांबरोबर घेण्याचे ठरवले, तेव्हा २०१७ मध्ये जेमतेम एक पंचमांश असलेले महापौरपदाचे मतदान २०२२ मध्ये ४० टक्क्यांच्या पुढे गेले.

उमेदवारांना हे सारे कळते. कोणत्या इमारतीतून मते येतात हे पाहूनच ते दारोदार फिरतात, भाडेकरूंच्या इमारती वगळतात, आणि निवडून आल्यावर गटारे, पाणी, रस्ते यांचा क्रमही त्याच हिशेबाने लावतात. वगळलेल्या वस्तीला मत देण्याचे कारण पुढच्या वेळी आणखी कमी उरते. मग त्याच वस्तीचा घसरलेला टक्का तिच्यावरच आरोप म्हणून वाचून दाखवला जातो, आणि यादी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांना जाब विचारायला कोणीही जात नाही.