पाखराला आवाज लावून बोलावू नका

बेळगावात आता पक्ष्यांचे फोटो काढणारे खूप झालेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. साळुंकी-बुलबुलापलीकडे न बघणारी पोरं आज हळद्याची शीळ ऐकून गाडी थांबवतात. पण होळीनंतर इथल्या घाटातल्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या रानात जे चालतं, त्याबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं.

मोबाईलवर पाखराचा आवाज लावायचा, छोटा स्पीकर झुडपात ठेवायचा आणि नर पुढ्यात आला की फोटो. बांबूच्या बेटातला शामा हा गाणारा पक्षी असा लगेच येतो. कारण त्याला वाटतं, दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. या दिवसांत त्याचं गाणं म्हणजे हद्दीची राखण आणि मादीला साद. किडे टिपायचं सोडून तो न दिसणाऱ्या वैऱ्याला शोधत फांद्यांवरून नाचत राहतो. एक गट गेला की दुसरा त्याच जागी स्पीकर ठेवतो. ऐन विणीच्या हंगामात हे त्याच्या पोटावर आणि पिल्लांवर येतं. याच भागातल्या भीमगडच्या जंगलाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण पाखराला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. बाहेरच्या बांबूतही त्याला तेवढीच शांतता लागते.

आणि याची गरजच काय? आपल्याकडे पांगारा आहे! पानं झडून नुसती लाल फुलं, त्यामुळे पाखरू लपत नाही. सकाळी ऊन कोवळं असताना झाडापासून जरा लांब बसा. शेत कुणाचं असेल त्याला आधी विचारा. एका मावशींनी मला सांगितलं होतं, "बसा की निवांत, पाखरं कुठं पळून जात्यात!" खरंच, तासाभरात भोरड्यांचा थवा गुलाबी पोटं दाखवत उतरतो, हरेवा येतो, शिंजीर येतो.

शिंजीराच्या नराचा फोटो काळा येतो अशी तक्रार असते. त्याच्या अंगावरची निळी-जांभळी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते, प्रकाशाच्या कोनावर ती दिसते किंवा विझते. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा, कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या आसपास, आणि थांबा. एकदा फुलोरा आपला मानला की तो दुसऱ्यांना हुसकावत परत परत तिथंच येतो. विणीचा हंगाम सरला की हाच नर मळकट दिसू लागतो, गळ्यापासून पोटापर्यंत काळा पट्टा तेवढा उरतो. म्हणून हेच दिवस मोलाचे.

घरट्याचं तर बोलूच नये इतकं वाईट वाटतं. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा नर लांब शेपटीसकट अंडी उबवायला बसतो. दृश्य देखणं आहे, मान्य. पण फोटो मोकळा यावा म्हणून भोवतालची पानं तोडलेली मी पाहिलीत. त्या पानांनीच घरट्याला सावली असते आणि कावळ्यापासून आडोसाही. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली ती एवढीशी वाटी अशी उघडी पडली की पिल्लं जगणं कठीण.

तेव्हा माझ्या फोटोंखाली झाड विचारा, वेळ विचारा, कॅमेऱ्याचं सेटिंग विचारा, सगळं सांगेन. सोबत यायचं असेल तर स्पीकर घरी ठेवून या. घरट्याची जागा मात्र मी कुणालाच सांगणार नाही, जवळच्या मित्रालाही नाही.