आमच्या वार्डात चुली किती?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रभागरचनेचा नकाशा लागला, तेव्हा डेअरीवर दूध घालून परत येताना मी तिथं थांबलो. आमचा वार्ड पारापासून नाल्यापर्यंत, नाल्याच्या पल्याड बंजाऱ्यांचा तांडा, आणि पार जंगलाच्या कडेला कोलामांचं पोड, म्हणजे वस्ती. खाली लोकसंख्या लिहिलेली, 2011 च्या जनगणनेची. बाजूला शेजारचे आबाजी उभे होते. म्हणाले, "बाप्पा, त्या साली माया नातवाचं लगन बी नोयतं झालं. आता त्याचे दोन पोट्टे शाळेत जातेत. ते कोठी गेले या कागदात?"

हसलो आम्ही. पण याच आकड्यांवर सगळं चालतं. लोकसंख्या दीड हजार ते तीन हजार असली की ग्रामपंचायतीत 9 सदस्य, त्याच्यावर गेली की 11. कोणत्या वार्डात अनुसूचित जाती-जमातीची जागा पडेल, तेही यावरूनच. 2011 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाख 72 हजार होती, त्यात अनुसूचित जमातीचे लोक साडेअठरा टक्के. म्हणजे गोंड, कोलाम, परधान, आंध सारे आकड्यात दिसतात. तांडा मात्र दिसत नाही. बंजारा आपल्या राज्यात विमुक्त जातींत, आणि जनगणनेत जात विचारायचे ती फक्त अनुसूचित जाती-जमातींची. आमच्या वार्डात एवढा मोठा तांडा, पण सरकारी तक्त्यात तो नुसता "इतर".

घरांचं तर आणखीच निराळं. आमच्याकडं कोणाचं घर कोणत्या योजनेतलं, यावरून जात कळते. बौद्ध मोहल्ल्यात रमाई आवास, गोंडांकडं शबरी, पोडावर 2023 नंतर आलेलं पीएम-जनमनचं 2 लाखांचं घरकुल, बाकीच्यांना पंतप्रधान आवासचे मूळ 1 लाख 20 हजार. (तेवढ्यात स्लॅब पडत नाही. रेती, गिट्टी, सळाखीचे भाव ज्यानं विचारले त्याला ठाऊक. म्हणून स्लॅबच्या जागी टिनं, आणि उन्हाळ्यात माणसं बाहेर बाजेवर.) जुनी कुणबी-तेल्यांची कवेलूची, म्हणजे कौलांची घरं अजून आहेत, पण निम्म्यांचे कवेलू उतरवून टिनं चढली, कारण माकडं एक कवेलू धड ठेवत नाहीत आणि फेरायला माणूस मिळत नाही. पोडावर दोन-चार घरं अजून बांबूच्या कुडाची, शेणामातीनं सारवलेली. माझं मत विचाराल तर मे महिन्यात झोप तिथंच लागते, पण कागदावर ती "कच्ची".

नाल्याकाठची घरं ई-क्लासवर, म्हणजे सरकारी जमिनीवर. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली, तेव्हा ही घरं गावठाणाबाहेरची. प्रॉपर्टी कार्ड नाही, जागा नावावर नाही, म्हणून घरकुल मंजूर होऊन अडकतं. मत मात्र अडकत नाही. यादीत नाव आहे, घर क्रमांकसुद्धा आहे!

एका घर क्रमांकावर किती संसार, हे तर कोणी पाहतच नाही. आमच्याच लायनीत दोन खोल्या आणि एक छपरी असलेल्या घरात म्हातारा-म्हातारी, दोन लेकं, दोन सुना. चुली तीन. धाकटा छपरीला पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) कूड लावून राहतो. जुन्या घरकुल यादीत बापाचं नाव होतं, त्याचं घर झालं. ती यादी 2011 च्या सर्वेक्षणावरची, आणि तेव्हा दोन्ही पोरं शाळेत. आता ती म्हणतात आम्हाला घर नाही, आणि यादी म्हणते बापाला दिलं की. जनगणनेची घरयादी निदान या बाबतीत बरी. त्यात छत-भिंतीसोबत खोल्या किती आणि लग्न झालेली जोडपी किती, हे विचारतात. एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब. म्हणून गावात सांगत फिरतोय, चुली वेगळ्या असतील तर वेगळ्या सांगा, लाजू नका. आणि घरकुल हुकेल या भीतीनं स्लॅबचं घर मातीचं सांगू नका.

खरी अडचण पुढची आहे. घरयादी 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमधली, पण माणसं मोजणार फेब्रुवारी 2027 मध्ये. या वेळी साऱ्यांची जातही लिहिणार, म्हणजे तांडाही कागदावर येणार. आणि फेब्रुवारीत तांडा असतो कुठं? दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, बाकीची पुण्याकडं बांधकामावर. मोजणीचा सगळा काळ माणूस घराबाहेर असला, तर जिथं मुक्कामाला तिथंच मोजला जातो. फडावरच्या खोपीत कोणी गेलं तर आमची माणसं तिकडच्या आकड्यात धरली जातील, नाही गेलं तर कुठंच नाही. पुढचा वार्ड, पुढच्या जागा, नळाची लाईन, सारं त्या उरलेल्या आकड्यावर ठरेल.

आमच्या माजी सदस्याला बोललो तर म्हणे, "मतदानाले तर येतेत ना सारे?" येतात. उमेदवाराची गाडी जाते ना आणायला. मोजणीसाठी कोण गाडी पाठवतं?

परवा तांड्यावर हेच सांगायला गेलो होतो. एक याडी, म्हणजे म्हातारी माय, दारात बसून होती, शेजारची तीन घरं कुलूपबंद. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फेब्रुवारीत ये ना बापू. मी हावो, ही नात हाये, अन् चार बकऱ्या."