अण्णा ऑल-इन

कालपासून आमच्या जिन्यात माझा उल्लेख ‘ते पत्तेवाले’ असा होतो आहे. मेन्टेनन्सची थकबाकी नाही, गाडी रेषेच्या आत लावतो, ओला-सुका कचरा वेगळा देतो. नाव झालं ते मात्र यावरून. आणि ज्यांनी ते केलं ते तळमजल्यावरचे अण्णा आदल्या रात्री पावणेबारापर्यंत माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच घरचा चिवडा खात होते.

प्रकरण साधं होतं. दादा न्यू जर्सीत, भाचा पुण्यात, मी डोंबिवलीत. गणपतीत रात्र रात्र पत्ते कुटायची घरातली रीत आता व्हिडिओ कॉलवर आणायची होती. मोबाइलवरचे पत्ते दर डावाआड जाहिरात दाखवतात, तीही बहुधा गुडघेदुखीची. भाचा म्हणाला, पोकरटीएच घ्या. ओपन सोर्स, फुकट, एका टेबलावर दहा जण, माणसं कमी पडली तर उरलेल्या खुर्च्यांवर कॉम्प्युटर बसतो. जाहिरात नाही, पैसे खोटे. मेंढीकोट नाही, टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार आहे. पण पत्ते ते पत्ते.

लिनक्सवर एका ओळीची आज्ञा लिहिली की तो येतो. दादाची आवृत्ती नवी आणि माझी जुनी निघाली, तेही जुळवलं. या खेळाचा इंटरनेटवर तयार अड्डा आहे, तिथे जगभरातली माणसं बसलेली असतात. पण दादा कुठेही नाव नोंदवायला तयार नाही. वीस वर्षं अमेरिकेत राहून त्याला एवढीच एक गोष्ट कळली आहे, की ईमेल पत्ता कुणाला द्यायचा नाही. तेव्हा टेबल माझ्या घरी मांडायचं ठरलं.

मी राउटरमध्ये शिरून 7234 नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडलं, फायरवॉलला समजावलं आणि दादाला माझा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिला. दादा बाहेरच. आता हे जरा सांगायलाच हवं, कारण यात माझं डोकं फिरलंय. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे 430 कोटी, ते केव्हाच संपले. म्हणून इंटरनेटवाले शेकडो घरं एकाच पत्त्यामागे कोंबतात. त्यासाठी 100.64 पासून 100.127 पर्यंतचे आकडे 2012 मध्ये वेगळे काढून ठेवले आहेत. तुमच्या राउटरला बाहेरून यातला आकडा मिळाला असेल, तर तुम्ही पोर्ट उघडा नाहीतर घराचं दार उघडं टाका, बाहेरचा माणूस पोचत नाही. बिलावर याचा एक शब्द नाही. कस्टमर केअरला फोन केला तर मुलगी गोड आवाजात म्हणते, “सर, पण स्पीड येतोय ना?” स्पीड येतोय हो. माझ्याकडे कुणी येऊ शकत नाही, त्याचं काय? त्यासाठी स्थिर पत्ता, त्याचे दरमहा वेगळे पैसे. एवढ्यावर न थांबता तिने विचारलं, “सर, पब्लिक आयपी कशासाठी हवाय?” पत्ते खेळायला, असं म्हणायची मला लाज वाटली. मी ‘ऑफिसकाम’ म्हणालो.

शेवटी भाच्याने स्वतःच्या कामासाठी भाड्याने घेतलेल्या कुठल्याशा सर्व्हरवर टेबल मांडलं, आम्ही तिघे आत गेलो, पहिला डाव वाटला गेला आणि बेल वाजली. टाकीसफाईच्या नोटिशीवर सही घ्यायला अण्णा आले होते.

“हे काय, जुगार?”

“पत्ते, अण्णा. पैसे खोटे आहेत.”

अण्णा दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी खुर्ची ओढली. “महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, 1887. कलम तेरा. निव्वळ कौशल्याचा खेळ असेल तर सूट. रमीत कौशल्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने 1967 सालीच सांगितलंय. तीन पत्ती मात्र नशिबाची. हे तुमचं किती पत्ती?”

“दोन,” स्पीकरवरून दादा म्हणाला.

“कोर्टाला तीन पानांत कौशल्य सापडलं नाही, तुम्हाला दोन पानांत कुठून सापडणार?”

मी समजावलं, की दोन पानं हातात आणि पाच टेबलावर, सगळ्यांची मिळून.

“उघडी?”

“उघडी.”

“हुकूम कुठला?”

“हुकूम नसतो.”

“मेंढ्या?”

“नाहीत. दश्शी ही नुसती दश्शी.”

वकीलपत्राशिवाय उभ्या राहिलेल्या पक्षकाराकडे बघावं तसं अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “बरं, तुमचा भिडू कोण?”

“भिडू नाही. प्रत्येक जण एकेकटा.”

“सख्ख्या भावांत?” अण्णा हळहळले. “मग वाटपाचा दावाच लावा की सरळ. निदान निकाल लेखी मिळतो.”

पुण्याहून भाचा खिदळला. अण्णांना श्रोते मिळाले. “आणि 2025 चा केंद्राचा ऑनलाइन खेळांचा कायदा वाचलात का?”

“तो पैसे लावून खेळतात त्या खेळांवर आहे, अण्णा. इथे आम्ही एक पैसा भरत नाही.”

“इंटरनेटचं बिल?”

हे जिव्हारी लागलं. मी चहा टाकायला उठलो.

स्वयंपाकघरातून मला दादाचा आवाज ऐकू आला, “अरे, वेडा झालास का?” येऊन बघतो तर माझ्या हातात वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री. होल्डेममध्ये याहून वाईट हात बहुतेक जण मानतच नाहीत. शहाणा माणूस गुपचूप पानं टाकून मोकळा होतो. अण्णांनी ऑल-इन केलं होतं. माझी सगळी पुंजी मध्ये.

“एवढं ठळक बटण दिलंय,” अण्णा म्हणाले, “ते दाबायलाच ना?”

दादाकडे एक्क्यांची जोडी. टेबलावर आली सत्ती, राणी, दुर्री. मग परत दुर्री. मग एक गुलाम, आणि सगळं संपलं. तीन दुर्र्या, दोन सत्त्या, फुल हाउस. दादा बाद. मी हा खेळ शिकायला रात्री जागून आकडेमोड वाचली होती, कुठल्या हाताची जिंकायची शक्यता किती, सगळं. त्यातलं काहीही अण्णांना माहीत नव्हतं.

“हे गृहस्थ कोण?” दादाने कौतुकाने विचारलं. “पुढच्या रविवारी यांनाच बसव.”

मला नाही. मी पोर्ट उघडलं, आवृत्त्या जुळवल्या, कस्टमर केअरशी खोटं बोललो. यांना बसव!

पुढचे डाव अण्णाच खेळले. मी चहा दिला, चिवडा दिला, नोटिशीवर सही केली. जाताना त्यांनी दारातून तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “काळजी करू नका, मी कुणाला बोलणार नाही.”

सकाळी दूधवाल्यालाही माहीत होतं.

आज दुपारी अण्णा परत आले, सोबत त्यांच्या कट्ट्यावरचे तिघे आणि चार मोबाइल. सगळ्यांना खेळ टाकून हवा होता. टाकून दिला. चौघांनी चष्मे वर-खाली करत पडद्याकडे बघितलं आणि एकमताने ठरवलं, की हा खेळ चुकीचा आहे.

“तुम्ही म्हणालात ना, याचा सोर्स उघडा असतो?” अण्णांनी विचारलं. “कुणीही बदल करू शकतो?”

“हो, पण...”

“मग घाला की त्यात चार मेंढ्या. हुकूमही घाला. पैसे लागतील?”

“पैसे नाही लागत, पण अण्णा...”

“मग झालं तर. उद्या सकाळी दहाला येतो.”