लेकरांना घेऊन क्रूझला जाताय? मग 'पैसे वसूल' घरी ठेवून जा

डिसेंबरात मुंबई-गोवा क्रूझ करून आलो तेव्हापासून मैत्रिणींचा एकच प्रश्न येतोय, एवढ्या लहान पोरांना घेऊन जावं का गं? प्रत्येकीला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी झालीये, पोरं झोपली की निवांत वाचा.

आम्ही सहाजण होतो. नवरा, मी, सासू-सासरे, थोरला साडेपाच वर्षांचा आणि धाकटी सव्वादोनची. तीन रात्री. उत्तर आधीच सांगून टाकते, हो, जावं, जरूर जावं. सामान एकदा लावलं की परत भरायचं नाही, सारखी गाडी नाही, 'अजून किती वेळ' नाही, आजी-आजोबा दमले तर केबिन दोन मिनिटांवर. पण एक अट आहे आणि ती मला पहिल्या रात्री रडारड झाल्यावर कळली. क्रूझ मुलांच्या घड्याळावर करायची, पॅकेज वसूल करायच्या घड्याळावर नाही.

झालं असं की चढल्या चढल्या हातात कार्यक्रमांचं वेळापत्रक पडलं आणि एवढे पैसे भरलेत तर काही सोडायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं. संध्याकाळी डेकवरचं म्युझिक, मग जादूचे प्रयोग, मग जेवण, मग रात्रीचा मोठा शो. धाकटी एरवी साडेआठला झोपते. पावणेअकरा वाजता त्या थिएटरमधे, एवढ्या मोठ्या आवाजात, ती माझ्या खांद्यावर कान दाबून हुंदके देत होती आणि मी "थांब गं, आता संपेल" म्हणत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा पिता पिता शांतपणे म्हणाल्या, "अगं, सुट्टी पोरांची पण आहे ना? मग त्यांना शाळेसारखं का पळवतेस?" खूप लागलं मनाला, कारण खरं होतं. त्या दिवसापासून दुपारची झोप म्हणजे झोप, साडेसातला जेवण, नऊला दिवे बंद, आणि मोठ्यांनी आळीपाळीने शो बघायचे. पुढचे दोन दिवस रडारड जवळजवळ नाहीच.

आता बुकिंगचं. बाळ अगदी तान्हं असेल तर आधी वयाची अट बघा, बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत आणि खूप दिवस सलग समुद्रात असणारी सफर असेल तर एक वर्ष पूर्ण लागतं. किड्स क्लब आहे म्हणून खूश होऊ नका, साधारण तीन वर्षांच्या पुढची आणि डायपर सुटलेलीच मुलं तिथे एकटी ठेवतात, त्यामुळे धाकटी सगळा वेळ आमच्याजवळच होती. पहिलीच वेळ असेल तर दोन-तीन रात्रीच करा. सिंगापूरहून मलेशिया-थायलंड फिरवणाऱ्या क्रूझ आपल्याकडची कितीतरी कुटुंबं करतात, त्या छानच असतात, पण त्यात आधी विमान, मग हॉटेल, मग जहाज असं होतं आणि दोन वर्षांचं मूल जहाजावर पोचेपर्यंतच थकलेलं असतं.

मोसमाबद्दल तर मी हट्टाने सांगेन. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो, आपले कोळी बांधवसुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात ढकलत नाहीत, ते उगाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बराच शांत असतो. केबिन घेताना मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, जहाज हलतं ते पुढे, मागे आणि वर जास्त जाणवतं. बाल्कनीची केबिन मोहात पाडते, मलाही पाडलं होतं, पण आम्ही मुद्दाम नुसती खिडकीवाली घेतली. ज्यांनी बाल्कनी घेतलीये त्यांनी कृपा करून एवढं करा, आत शिरल्या शिरल्या तिथली खुर्ची-टेबल कठड्यापासून लांब सरकवा, दाराची वरची कडी कायम लावलेली ठेवा आणि मूल बाल्कनीत एकटं एक सेकंदही नको.

केटलचा किस्सा सांगते कारण ही चूक आपल्याकडची प्रत्येक आई करते. धाकटीला रात्री नाचणी सत्व लागतं म्हणून मी छोटी इलेक्ट्रिक केटल कपड्यात गुंडाळून नेली होती. बॅलार्ड पिअरला, म्हणजे मुंबईत जिथून क्रूझ सुटते त्या धक्क्यावर, सामान स्कॅनरमधून गेलं आणि बॅग बाजूला! आगीच्या भीतीने जहाजावर केटल, इस्त्री, इंडक्शन असलं काही चालत नाही, आमची जमा करून घेतली आणि उतरताना परत दिली. माझं तर तोंडच उतरलं, आता हिला काय खायला घालू. पण खरंच काही अडलं नाही. मोठा थर्मास होता, तो रोज रात्री जेवणघरातून गरम पाण्याने भरून घेतला, सत्वही झालं आणि दुधाची पावडरही. जेवताना तिथल्या वाढप्याला सांगितलं की साधा वाफेचा भात थोडा जास्त शिजवून, बिनतिखटाचं वरण आणि वेगळं तूप द्या, तर त्याने पुढच्या प्रत्येक जेवणाला न सांगता आणून ठेवलं. वर आपलं मेतकूट. ती मेतकुटाची पुडी म्हणजे त्या सफरीतली सगळ्यात उपयोगाची वस्तू निघाली, थोरल्याने पण पास्ता बाजूला सारून तूप-मेतकूट-भात मागून खाल्ला. बाहेरचं खाणं बऱ्याच जहाजांवर नेऊ देत नाहीत पण बाळाच्या खाण्याला सहसा अडवत नाहीत, तरी तिकीट काढतानाच विचारून घ्या.

आणि हो, मोठ्या बॅगा आपल्यासोबत येत नाहीत. त्या धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दाराशी पोचायला संध्याकाळ होते. म्हणून खांद्याच्या बॅगेत एक जोडी कपडे, डायपर, दूध-खाऊ, औषधं आणि पोहायचे कपडे ठेवा. आमच्यासमोर एक लहानगी दुपारभर पूलकडे बघून रडत होती, तिचा स्विमसूट मोठ्या बॅगेत होता.

बोट लागण्याबद्दल. सासरे देवगडचे, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जायचे, त्यामुळे घरात या विषयावर पुष्कळ ज्ञान. ते आल्याच्या वड्या आणि लिंबू खिशात घेऊनच चढले. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा फारसा त्रास होत नाही, खरा त्रास दोन ते बारा या वयात. आमच्याकडे धाकटी सव्वादोनची असूनही मजेत राहिली, पण थोरल्याला पहिल्या रात्री उलटी. त्याला वर मोकळ्या हवेत नेलं, लांब क्षितिजाकडे बघायला सांगितलं, मोबाइल-गेम बंद, नुसती बिस्किटं आणि पाण्याचे छोटे घोट, अर्ध्या तासात बरा झाला. गोळ्या-सिरप जायच्या आधीच मुलांच्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे लिहून घ्या. घरात पडलेलं झोपेचं किंवा उलटीचं सिरप अंदाजाने देऊ नका, प्रोमेथाझिनसारखं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, श्वासावर परिणाम होऊ शकतो. ओआरएसची पाकिटं मेडिकलमधून घ्या, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. दुकानातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांच्यावर तो शब्द लिहायला 2025 मधे बंदी आली ती त्यासाठीच.

बफेमधे शिरताना हातावर सॅनिटायझर मारतात त्यावर विसंबू नका. जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस पसरतो त्याच्यावर सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. मी दोघांनाही आधी बेसिनशी न्यायचे, मागे रांग वाढली तरी.

चढल्यावर सेफ्टी ड्रिल असते, म्हणजे संकट आलं तर कुठे जमायचं त्याची तालीम. बरेच लोक कंटाळतात, काही तर केबिनमधे लपून बसतात, आणि याचा मला फार राग येतो. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज बुडालं त्यात 32 माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येकांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ड्रिल घ्यावी लागते. पोरांना भीती वाटते ती भोंग्याची, सात छोटे आणि एक लांब. आम्ही घरी आठवडाभर आधीच हा खेळ खेळलो, थोरला तोंडाने भोंगा वाजवायचा आणि आम्ही सगळे हॉलमधे जमायचो, त्यामुळे खरा वाजला तेव्हा धाकटी रडायच्या ऐवजी टाळ्या वाजवायला लागली. केबिनमधे लहान मापाची लाइफ जॅकेट्स आहेत का ते लगेच बघा. आमच्या केबिनमधे चारही मोठ्यांचीच होती, सांगितल्यावर बदलून मिळाली, पण सांगावं लागलं.

आता जे लिहायला मलाच जड जातंय ते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या गर्दीत थोरला हरवला. मी ताटं घेऊन वळले, नवऱ्याला वाटलं तो माझ्याकडे, मला वाटलं आजोबांकडे. पाच मिनिटं असतील फार तर. चहूकडे समुद्र, मधे अकरा मजले, कठडे, पूल, जिने, त्या पाच मिनिटांत मी काय काय बघितलं डोळ्यांसमोर ते लिहवत नाही. सापडला तो लिफ्टपाशी, सगळ्या मजल्यांची बटणं दाबत, एका सफाईच्या ताईंनी त्याचा हात धरून ठेवला होता आणि त्याला केबिन नंबर विचारत होत्या, जो त्याला माहीत नव्हता. त्यानंतर आम्ही केलं ते तुम्ही पहिल्या दिवशीच करा. मनगटावर कागदी पट्टा, त्यावर केबिन नंबर आणि आमची नावं. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत दोघांचा एक फोटो. आणि हाताची अदलाबदल तोंडाने बोलून करायची, "आता हा तुझ्याकडे" असं म्हटल्याशिवाय आणि समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते आणि जहाजाचं नेटवर्क लागलं तर बिल डोळे पांढरे करतं, फोन फ्लाइट मोडवरच ठेवा, म्हणजे 'फोन करून विचारू' हा मार्ग नाही हे धरून चाला.

तेच पूलचं. बऱ्याच जहाजांवर लाइफगार्ड नसतो, तशी पाटीच लावलेली असते. फुगवायच्या बाह्या म्हणजे सुरक्षा नाही. मूल बुडतं तेव्हा ओरडत नाही, हातपाय आपटत नाही, गपकन जातं, आणि आजूबाजूला पन्नास माणसं असतात. एक मोठा माणूस, मोबाइलशिवाय, हाताच्या अंतरावर, बस. डायपरवाल्या बाळांना, स्विम डायपर घातला तरी, बहुतेक पूलमधे सोडत नाहीत. धाकटीला आम्ही सावलीत बादली-मग देऊन बसवलं, ती तासभर पाणी या मगातून त्या बादलीत ओतत होती, इतकी खूश की बस.

गोव्याच्या दिवशी आम्ही उतरलोच नाही! सगळे म्हणाले वेडे आहात का. पण जहाज मुरगावला लागतं, तिथून जुना गोवा बघून यायचं म्हणजे गाडी, ऊन, घाई आणि परतायच्या वेळेची टांगती तलवार. त्यात गोवा आपल्याला कधीही रेल्वेने जाता येतं. सगळे उतरल्यावर जहाज इतकं रिकामं झालं की लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेत आमची दोनच. माझ्या मते सगळ्या सफरीतला तोच दिवस सगळ्यात सुंदर.

नाही, एक सकाळ अजून. परतीच्या दिवशी थोरला साडेपाचलाच उठला, सासरे त्याला शाल गुंडाळून डेकवर घेऊन गेले, मागोमाग मी. डावीकडे काळोखच होता, उजवीकडे किनाऱ्याची फिकट रेघ आणि एक दिवा लुकलुकत होता. सासरे त्याला सांगत होते की पूर्वी बोट अशी धक्क्याला लागायचीच नाही, लांब समुद्रात उभी राहायची, मग गावातून पडाव, म्हणजे होड्या, यायचे आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं वरून त्या पडावात उतरवायचे, "माझ्या आईने मला असं काखोटीला मारून उडी टाकलेली." थोरल्याने विचारलं, "तुम्ही रडलात?" ते म्हणाले, "आई घट्ट धरून होती ना, मग कशाला रडू?" दोघं बराच वेळ कठड्यापासून लांब, बाकावर बसून त्या दिव्याकडे बघत होते. या अर्ध्या तासाचं वेळापत्रकात काही नव्हतं.

शेवटचं एक बारीकसं राहिलं. उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रात्रीतच घेऊन जातात. सकाळचे कपडे, चपला, दोन डायपर आणि दुधाची बाटली आधी बाजूला काढा, मग बॅगेची चेन लावा. आमच्या शेजारच्या केबिनमधली चिमुरडी सकाळी बाबांच्या टीशर्टात, अनवाणी, बाबांच्याच कडेवर बसून बॅलार्ड पिअरला उतरली.