पैसे मोजले म्हणून वजन उतरत नाही

सोसायटीच्या, शाळेच्या पालकांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘वजन खरंच कमी करायचं असेल तर फुकटच्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. फुकट मिळतं त्याची किंमत नसते, पैसे भरले की माणूस नेटाने करतो. पैसे भरून केलेल्या कार्यक्रमांनीच वजन उतरतं, हे संशोधनाने सिद्ध झालंय. ॲपला आपलं जेवण कळत नाही, कोचला कळतं. तो खास तुमच्यासाठी आहार आखतो. तीन महिन्यांत १५ किलो, हमखास!’ खाली पॅकेजची चौकशी करायला नंबर.

हा संदेश वाचून पैसे भरणारी माणसं मला माहीत आहेत. बाळंतपणानंतर वजन उतरेना म्हणून हवालदिल झालेली मुलगी, डॉक्टरांनी ‘साखर सीमारेषेवर आलीय’ म्हटल्यावर घाबरलेले पन्नाशीचे काका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. म्हणजे दर चारांतल्या एकाच्या काळजीवर हा धंदा उभा आहे. म्हणून संदेशातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा. त्यातले काही अर्धे खरे आहेत, आणि म्हणूनच ते पटतात.

पहिला मुद्दा पैशाचा: ‘पैसे भरले की माणूस नेटाने करतो.’

हे तपासून पाहिलं गेलं आहे. २००६ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या सात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी अभ्यासल्या. महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरावीक फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते. दहा खेपांचा पास घेतला असता तर त्यांचं काम खेपेला १० डॉलरमध्ये झालं असतं. पैसे भरूनही नेट आला नव्हता. त्याआधी १९९८ मधल्या एका अभ्यासात असंही दिसलं होतं की फी भरल्यावर लगेच हजेरी वाढते आणि मग पुढच्या हप्त्यापर्यंत घसरत जाते. आपल्याकडे जानेवारीत जिमची वार्षिक फी भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पैशाचा परिणाम होतच नाही असं मात्र नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ५७ जणांवर १६ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. एका गटाने स्वतःचे पैसे अनामत ठेवायचे. ठरलेलं वजन उतरलं तर ते परत मिळणार, वर तेवढीच भर पडणार. नाही उतरलं तर पैसे गेले. या गटाचं वजन सरासरी सहा किलोंहून जास्त उतरलं, तर ज्यांना असं काहीच नव्हतं त्यांचं दोन किलोंपेक्षाही कमी. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा या फरकातला बराचसा भाग पुसला गेला होता, तरी एवढं दिसलं की पुढे परत मिळायच्या पैशाने माणूस हलतो. पॅकेजवाला नेमकं उलटं करतो. तो सगळी रक्कम पहिल्याच दिवशी घेतो, आणि तुमचं वजन उतरो वा न उतरो, ती त्याच्याकडेच राहते.

आता संशोधनाचा मुद्दा. इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा मुद्दा पूर्ण खोटा नाही.

२०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधले ७७२ जण होते. अर्ध्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडचा सल्ला मिळाला, अर्ध्यांना ‘वेट वॉचर्स’ या व्यावसायिक कार्यक्रमाकडे पाठवलं. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी २.२५ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.०६ किलो. उलट बाजूने २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने दवाखान्यात येणाऱ्या २१२ रुग्णांवर फुकटच्या ‘मायफिटनेसपाल’ ॲपची चाचणी घेतली. सहा महिन्यांनी ॲप मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक होता जेमतेम ३०० ग्रॅमचा. संदेश लिहिणाऱ्याच्या हाती हे दोन आकडे पडले तर तो खूशच होईल.

पण आत शिरून पाहा. ‘वेट वॉचर्स’ला पाठवलेल्या लोकांनी स्वतःच्या खिशातून फी भरलीच नव्हती. वर्षभराचं सभासदत्व त्यांना मोफत दिलं होतं. म्हणजे वजन उतरलं ते पैसे मोजल्यामुळे नव्हे. त्यांना मिळालं काय, तर दर आठवड्याला बैठक, तिथे वजनकाट्यावर उभं राहणं, आणि बरोबरीच्या लोकांशी बोलणं. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये जीन निडेच या गृहिणीने हा कार्यक्रम सुरू केला, त्याच्याही आधी ती मैत्रिणींना घरी बोलावून हेच करत होती. कंपनी नंतर आली.

ॲपच्या चाचणीत काय झालं? लोकांच्या फोनवर ॲप घालून दिलं, एका आठवड्याने एकदा फोन केला आणि विषय संपला. पहिल्या महिन्यानंतर ॲप उघडणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. पुढे कुणी विचारलं नाही, कुणी नोंद पाहिली नाही. न वापरलेल्या ॲपने वजन उतरलं नाही, इतकंच त्या चाचणीतून कळतं.

याच्या शेजारी आणखी दोन अभ्यास ठेवा. २००८ मध्ये अमेरिकेत जवळपास १,७०० लोकांच्या एका अभ्यासात, जे रोज खाल्लेलं लिहून ठेवत होते त्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरलं. ते सगळे गटबैठकांनाही येत होते. आणि २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या १,२६७ जणांचा अभ्यास आला. त्यात एका गटाला फक्त एक पुस्तिका आणि थोडा सल्ला दिला, दुसऱ्याला ‘वेट वॉचर्स’चाच १२ आठवड्यांचा कार्यक्रम, तिसऱ्याला वर्षभराचा. वर्षाअखेर वजन उतरलं ते अनुक्रमे ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो. दोन वर्षांनी तिन्ही गटांत बरंच परत आलं होतं, पण वर्षभरवाले पुढेच होते. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारे आकडे हे आहेत. नुसत्या पुस्तिकेनेही तीन किलो उतरले, आणि जो जास्त काळ कुणाच्या तरी नजरेखाली राहिला त्याचे जास्त उतरले.

म्हणजे काम करतात त्या दोन गोष्टी: लिहिणं, आणि ठरलेल्या दिवशी कुणीतरी विचारणं. पहिली फुकट ॲपवर होते, साध्या वहीतही होते. दुसरीसाठी पैसे द्यायलाच हवेत असं नाही. बहीण, शेजारीण, बरोबर फिरायला येणारा मित्र यांतलं कुणीही चालेल, मात्र वार आणि वेळ पक्की हवी, आणि वजनाचा आकडा त्या माणसाला खरा सांगायला हवा. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीभोवती मोफत व्हॉट्सॲप ग्रुप उभे राहिले. ती पद्धत प्रत्येकाला सोसेल असं मी म्हणणार नाही, पण विचारणारी माणसं फुकट मिळू शकतात हे त्या ग्रुपांनी दाखवून दिलं.

आणखी एक. ज्याच्या चाचण्या झाल्या तो कार्यक्रम आणि तुमच्या ग्रुपवर विकलं जाणारं पॅकेज या वेगळ्या गोष्टी आहेत. डबाभर पावडर, सकाळी एक फोटो आणि दर आठवड्याला तोच पाठवलेला तक्ता यावर ‘लॅन्सेट’मध्ये काही छापून आलेलं नाही. एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याने पैसे घेऊ नयेत.

‘ॲपला आपलं जेवण कळत नाही’ हा मुद्दा मला मान्य आहे, निदान निम्मा. परदेशी ॲपमध्ये साबुदाण्याची खिचडी शोधली तर एकाच वाटीचे पाच वेगवेगळे आकडे येतात, कारण ते वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात. यावर उपाय आहे, आणि तो एकदाच करावा लागतो. आपल्या घरची खिचडी कच्च्या जिनसांनी मोजायची. एका माणसापुरता ६० ग्रॅम साबुदाणा म्हणजे साधारण २१० कॅलरी, २५ ग्रॅम दाण्याचा कूट १४०, दोन चहाचे चमचे तूप ९०, थोडा बटाटा ३५. बेरीज पावणेपाचशेच्या घरात. बहुतेक ॲपमध्ये अशी स्वतःची पाककृती साठवता येते. उपास म्हणून खाल्लेली ही बशी दोन फुलके आणि उसळीच्या जेवणाहून जड पडते, हे एकदा आकड्यात दिसलं की पुढच्या चतुर्थीला हात आपोआप आवरतो.

खरी अडचण तेलाची आहे. एकत्र स्वयंपाकात सासूबाईंनी फोडणीला किती घातलं हे कुठल्या ॲपला कळणार? मग महिन्याचा हिशोब धरायचा. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल, तर ते वजनाने साडेतीन किलोंच्या थोडं वर जातं. माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. तूप, लोणी आणि बाहेरचे वडे वेगळेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम वरून घातलेलं तेल-तूप पुरेसं धरलं होतं. हा हिशोब वाण्याच्या यादीवरून निघतो आणि तो सगळ्या घराच्या उपयोगी पडतो. आकड्यांसाठीही पैसे लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली आहेत. ‘न्यूट्रिफाय इंडिया नाउ’ नावाचं मोफत ॲपही त्याच संस्थेने काढलं.

आणि कोचला तरी जेवण कसं कळतं? तुम्ही सांगाल तेवढंच. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘आम्ही खातो कमी, तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांची शास्त्रीय मोजणी झाली. प्रत्यक्ष खाण्यापेक्षा त्यांची नोंद सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाली, आणि केलेली हालचाल त्यांनी ५१ टक्क्यांनी जास्त सांगितली होती. ती माणसं लबाड नव्हती. चहाबरोबरची दोन बिस्किटं, मुलांच्या ताटात उरलेलं, चव बघताना खाल्लेलं, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून खाल्ल्या खाल्ल्या लिहावं. रात्री आठवून कोचला सांगितलेलं आणि रात्री आठवून ॲपमध्ये भरलेलं सारखंच अपुरं असतं.

‘फुकट’ या बाजूचेही दोष आहेत, ते झाकून ठेवायचं कारण नाही. ‘मायफिटनेसपाल’ने पाकिटावरचा बारकोड वाचण्याची सोय २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली. २०१८ मध्ये त्याच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली होती. वजन, वय, खाण्याच्या सवयी ही खासगी माहिती आहे, ती कुठे भरतोय याचं भान हवंच. शंका असेल तर वही घ्या.

‘खास तुमच्यासाठी आखलेला आहार’ यावर फार बोलायला नको. शेजारणीला आणि तुम्हाला आलेला तक्ता शेजारी ठेवून बघा.

‘तीन महिन्यांत १५ किलो, हमखास’ या ओळीचा मात्र मला राग येतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७,७०० कॅलरी. १५ किलोंच्या झाल्या १,१५,५००. नव्वद दिवसांत त्या घालवायच्या तर रोज जवळपास १,२८० कॅलरींची तूट हवी. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोंच्या स्त्रीची दिवसाची गरजच १,६६० कॅलरी धरली जाते. उरल्या ३८०. वजन जास्त असलेल्या बाईची गरज दोन हजार धरली तरी तिला दिवसभर सव्वासातशेवर काढावे लागतील. अशा उपासमारीत पाणी जातं, स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि थांबल्यावर वजन परत येतं. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सुरक्षित मानला गेलेला वेग आहे. आणि लठ्ठपणा औषधाने बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने आपल्याकडे बंदी आहे, कारण त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचं नाव आहे. पावडरीला ‘आहारपूरक’ म्हटलं म्हणून हमखास उताराचं आश्वासन खरं होत नाही. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पैसे कुठे द्यावेत हेही सांगायला हवं, कारण काहींना ते द्यावेच लागतात. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने ॲपच्या सांगण्यावरून जेवण एकदम कमी केलं तर साखर धोकादायक उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे ॲपने ठरवायचं काम नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आणि ज्यांचं खाण्याशी नातंच बिघडलंय, सतत आकडे मोजून ज्यांची घालमेल वाढते, त्यांनी कॅलरीच्या ॲपपासून लांब राहावं. अशांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं आणि मग पदवी व नोंदणी असलेल्या आहारतज्ज्ञाकडे जावं. त्यांची फी योग्य जागी जाते. पहिल्या भेटीला औषधांची चिठ्ठी आणि रक्ताचे रिपोर्ट बरोबर न्या. ते न बघताच जो तक्ता हातात ठेवेल, त्याला दुसऱ्यांदा पैसे देऊ नका.